नागपूर मेट्रो, एसटी आन् दोन लहान लेकरं : चार दिवसांचा आमचा अनुभव

नागपूरच्या मेट्रोत लहान लेकरं घेऊन फिरणं कसं वाटलं हे गावातल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यातले, घरी कापूस, सोयाबीन, तूर. फिरायला जायचं म्हणजे तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी झाली का मगच, त्याच्याआधी विषयच नाही. यंदा फेब्रुवारीत चार दिवस काढले. मी, आमचे हे, सासूबाई (वय ६७), मोठी पोरगी साडेतीन वर्षांची आणि बारका २० महिन्यांचा. मुक्काम नणंदेकडे, वासुदेव नगर मेट्रो स्टेशनपासून पायी जाण्यासारखं घर.

निघायच्या आधी आठ दिवस घरात एकच वाद. हे म्हणत, "गाडी करू ना, इको सांगतो कोणाची तरी. लेकरं लहान, माय थकली, कुठी सिटीत धक्के खात फिरता." मी म्हटली गाडी केली तर पोरं गाडीत झोपतात, उतरवलं का रडतात, आन् तुमचा अर्धा दिवस गाडी कुठं लावू याच्यातच जाते. पैसे ते वेगळेच. शिवाय पोरीनं पाहुण्यांच्या मोबाईलवर मेट्रो पाह्यली होती तेव्हापासून रोज झोपताना विचारायची, "आपण वरच्या गाडीत कवा बसू?" वरची गाडी म्हणजे पुलावरून जाते ती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लेकरू म्हणते त जाऊन पाहू, नाही जमलं त मंग कर तुही गाडी." ठरलं.

एसटीचं आधी सांगते, कारण खेड्यातल्या माणसाची सहल एसटीपासूनच सुरू होते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे आम्हा पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त यांचं. लेकराला तिकीट नाही म्हणजे सीटही नाही हे लक्षात ठेवा, गाडी भरली का मांडीवरच घ्यावं लागते, म्हणून सकाळची लवकरची गाडी बरी. आमच्या पोरीला गाडी लागते. मागच्या चाकाच्या वरच्या सीटवर आणि एकदम शेवटी तर लेकरू घेऊन बसूच नका, तिथं जास्त उसळते, पुढच्या अर्ध्या भागात खिडकीजवळ बसा आणि निघायच्या आधी तासभर दूध देऊ नका. कोरडे मुरमुरे, पोळीचा तुकडा चालते. जामपर्यंत छान गेलो, बुटीबोरीच्या पुढे तिला एकदा उलटी झालीच, पण पन्नी हातात तयार होती, फ्रॉकही वाचला आणि समोरच्या बाईची साडीही वाचली.

आता कामाची गोष्ट. वर्धा रोडनं येणाऱ्या माणसाला मेट्रो पकडायची असेल तर गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जायची गरज नाही. वर्धा रोडवरच मेट्रोचे स्टेशन आहेत, उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, अजनी चौक. आम्ही छत्रपती चौकात उतरलो. पण कंडक्टरला बुटीबोरीलाच सांगून ठेवा, कारण तिथं खाली रस्ता आहे आणि वर उड्डाणपूल आहे, गाडी एकदा पुलावर चढली का मधात उतरता येत नाही. आमच्या कंडक्टर भाऊनं ड्रायव्हरला आवाज देऊन गाडी खालून घ्यायला लावली आणि सासूबाई पूर्ण उतरेपर्यंत घंटी मारली नाही.

तो पूल म्हणजे आमच्या यांचा आवडता विषय झाला. एकाच खांबावर मधात गाड्यांचा पूल आणि त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटर लांब, २०२२ ला गिनीजच्या रेकॉर्डमध्ये नाव आलं होतं त्याचं. खाली आपला साधा रस्ता, म्हणजे तीन मजली वाहतूक. पोरगी खाली उभी राहून मान वर करून पाहात होती तेवढ्यात वरून मेट्रो गेली, तर तिनं माझा पदर असा ओढला का पिनच तुटली.

स्टेशनमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आधी पिशव्या मशीनमधून जातात, बायकांची तपासणी वेगळी, आडोशाला, बाईच करते. लेकराचा दुधाचा डब्बा, पाण्याची बाटली याच्यावर कोणी काही म्हटलं नाही. मग तिकीट. एसटीत लेकराचं वय मोजतात, मेट्रोत उंची. तीन फुटांच्या आतलं लेकरू मोठ्या माणसासोबत फुकट. बारका फुकट, पण साडेतीन वर्षांची आमची मोठी तीन फुटांच्या वर भरते, तिचं तिकीट घेतलं. तिला त्याचा एवढा आनंद झाला का तिकीट हातातून सोडेना. घरीच दाराच्या चौकटीवर उंची मोजून जा म्हणजे खिडकीवर घोळ होत नाही.

तिकीट कागदाचं असते, त्याच्यावर चौकोनी कोड, तो गेटवर दाखवला का फाटक उघडते. तेच तिकीट उतरल्यावर बाहेर निघताना परत लागते. हे मी ठळक सांगते कारण बारक्यानं अजनी चौक यायच्या आत त्याच्या बाबाच्या खिशातून एक तिकीट काढून तोंडात घातलं होतं. कोड ओला, अर्धा चावलेला. वासुदेव नगरला गेट उघडलं नाही तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, दंड लागते का काय. तिथल्या पोरीनं, कॉलेजातून नुकतीच निघाली असेन एवढीच होती ती, तिकीट पाह्यलं, बारक्याकडे पाह्यलं, आणि बाजूच्या फाटकातून काढून दिलं. दंड नाही, बोलणं नाही. तेव्हापासून पोरीचं सोडून सगळे तिकीटं सासूबाईच्या बटव्यात, आणि बटवा कंबरेला. फाटकाची आणखी एक गोष्ट, ते लवकर मिटते, म्हणून चालणारं लेकरू हात धरून नाही तर उचलूनच पार करा.

वर जायला पायऱ्या, सरकता जिना आणि लिफ्ट, तिन्ही आहे. लुगडं, नऊवारी, लांब साडी आणि कडेवर लेकरू असेल तर सरकत्या जिन्याच्या भानगडीत पडू नका. सासूबाईनं पाय टाकायचा का नाही टाकायचा करत तीन वेळा मागं घेतला, त्यांच्या मागं माणसं जमली, त्या एकदम रडवेल्या झाल्या. मी त्यांना हात धरून लिफ्टकडे नेलं. चार दिवस आम्ही लिफ्टनंच गेलो आणि त्याच्यात काहीच कमीपणा नाही, ती लिफ्ट म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठीच ठेवली आहे. पोरीला मात्र जिना पाहिजे होता, तिला तिचे बाबा जिन्यानं न्यायचे आणि वर पोचून दोघं आमची वाट पाहायचे.

कोणत्या बाजूच्या गाडीत बसायचं हे गोंधळाचं वाटते पण सोपं आहे, गाडीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असते. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, अ‍ॅक्वा लाइन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. आपल्याला कुठल्या टोकाकडं जायचं ते टोक पाठ करायचं, बस. नणंदेनं सांगितलं का २०१९ ला मेट्रो खापरी ते सीताबर्डीच होती, तिच्या बाजूची २०२० ला सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना जाते. त्याच्याआधी तिला लेकरू घेऊन बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, जायचं म्हणजे दोन ऑटो बदलावे लागायचे.

पहिली चक्कर मी कधी विसरणार नाही. डब्ब्यात शिरल्याबरोबर गार हवा, सगळं चकचकीत, आणि एक कॉलेजचा पोरगा उठून म्हणाला, "काकू, तुम्ही बसा." सासूबाई बसल्या, बारका त्यांच्या मांडीवर, मोठी खिडकीला नाक लावून. अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, सीताबर्डी. घराच्या गच्च्या दिसतात, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, आंब्याचा मोहर वरून. आपण मोहर नेहमी खालून पाहातो, सासूबाईनं त्याच्यावरून यंदा आंबा कसा राहीन याचा अंदाज लावून टाकला. सीताबर्डीला स्टेशनबाहेर न निघता गाडी बदलली, मग लोकमान्य नगरकडे. त्या लाइनवर अंबाझरी तलाव दिसते. एवढं पाणी पाहून बारका "मम, मम" करून राहिला, आमच्याकडे पाण्याला तो मम म्हणते, आणि पूर्ण डब्बा हसला.

तिथंच मला समजलं का लेकरांसाठी मेट्रो हे कुठं पोचायचं साधन नाही, मेट्रो हीच सहल आहे. आम्ही कागदावर नऊ ठिकाणं लिहून नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद मी घडी करून ठेवून दिला आणि ठरवलं, दिवसाला एक ठिकाण, सकाळी साडेदहाच्या पुढे निघायचं, दीड-दोनपर्यंत घरी, लेकरं झोपतात, संध्याकाळी जमलं तर नुसती मेट्रोची एक चक्कर. हे नऊचं एक करणं यांना पटायला एक दिवस लागला. पण लहान लेकराला दुपारची झोप मिळाली नाही तर तुम्ही त्याला ताजमहाल दाखवा, ते रडणारच. वेळेचंही तसंच, सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ ऑफिस-कॉलेजची गर्दी, तेव्हा लेकरू घेऊन उभं राहणं कठीण. मधातल्या वेळात डब्बा मोकळा मिळते. गाडीसाठी दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागते कधी कधी, तेवढ्यात पाणी पाजणं, शी-शू करून घेणं होते, स्टेशनवर संडास-बाथरूम आहे आणि आम्ही वापरले ते स्वच्छ होते. ज्या बाईनं कधी लेकरू घेऊन एसटी स्टँडवर तासभर काढला आहे तिला याची किंमत माहीत आहे.

आता तो दुसऱ्या दिवशीचा प्रसंग. तो सांगितल्याशिवाय हे लिहिणं पूर्ण होत नाही.

आम्ही महाराजबागेत चाललो होतो. त्याच्यासाठी झाशी राणी चौकाला उतरायचं ठरलं होतं, पण आधी सीताबर्डीला उतरून नणंदेसाठी एक वस्तू घेतली, परत स्टेशनात आलो, एकच स्टेशन जायचं होतं. गाडी उभीच होती. हे पोरीला घेऊन पटकन चढले, मी बारक्याला कडेवर घेऊन सासूबाईचा हात धरून मागं, सासूबाईची चप्पल निघाली, त्या वाकल्या, आणि दरवाजा मिटला. काचेच्या त्या बाजूला माझी पोरगी, तिचं तोंड मला दिसून राहिलं, आवाज नाही, नुसतं उघडलेलं तोंड. गाडी गेली. माझे पायच गेले. सासूबाई तिथंच खाली बसल्या आणि म्हणू लागल्या, "माह्याच्यानं झालं, माह्या चपलीच्यानं झालं."

बाप सोबत होता हे मला माहीत होतं, तरी मन मानत नाही. पण त्या दिवशी सकाळीच नणंदेनं एक गोष्ट सगळ्यांकडून दोन-दोनदा म्हणून घेतली होती: कोणी गाडीत राहिलं आणि कोणी खाली राहिलं, तर गाडीतल्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच उभं राहायचं, परत यायचं नाही, आणि खालच्यानं पुढच्या गाडीनं तिथं जायचं. दोघं जागेवरून हलले तर चुकामूक होते, एकानंच हलायचं. प्लॅटफॉर्मवरच्या सिक्युरिटीच्या बाईनं आम्हाला पाह्यलं, जवळ आली, विचारलं, आणि तिच्याजवळच्या वॉकीटॉकीवर पुढच्या स्टेशनाला सांगितलं का लाल फ्रॉकची लहान मुलगी आणि पांढऱ्या शर्टाचे वडील आहेत, थांबवून घ्या. सासूबाईला पाणी दिलं. पुढची गाडी आली, आम्ही झाशी राणी चौकाला उतरलो तर हे आणि पोरगी बाकावर बसलेले, पोरगी तिचं तिकीट दोन्ही हातात धरून. तिनं मला काय म्हणावं? "आई, तू दुसऱ्या गाडीत कशी आली?" मी तिला जवळ घेतलं आणि मग मला रडू आलं.

त्याच्यानंतर आमचा नियम असा: आधी म्हातारं माणूस चढते, मग लेकरू घेतलेली बाई, सगळ्यात शेवटी पिशव्यावाला माणूस. मोकळा माणूस कधीच आधी चढत नाही. दरवाजा मिटताना आवाज येते, तो आवाज सुरू झाला का पळायचं नाही, गाडी सोडून द्यायची. आणि लेकराच्या फ्रॉकच्या खिशात, चड्डीच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, दोन नंबर, एक सोबत असलेल्याचा आणि एक घरी असलेल्याचा. पिवळ्या पट्टीच्या मागं उभं राहणं तर आहेच, पण लेकरू पट्टी समजत नाही, त्याला तुमचा हात समजते.

झाशी राणी चौकातून महाराजबाग फार दूर नाही, पण कडेवर लेकरू आणि गुडघे दुखणारी सासू असली का तेच अंतर वाढते. मेट्रोच्या प्रवासात जेवढा त्रास होत नाही तेवढा स्टेशन ते ठिकाण एवढ्या तुकड्यात होते, हे चारही दिवस जाणवलं. एका ऑटोवाल्यानं आमचं बोलणं ऐकून गावचे लोक ओळखले आणि एवढ्याशा अंतराचे जे पैसे सांगितले ते ऐकून हे चिडले, मी त्यांना बाजूला घेतलं. ई-रिक्षा बरी पडली, सगळे एकात मावलो, आणि बसायच्या आधी पैसे ठरवून घ्या, माणसागणिक का पूर्ण गाडीचे ते स्पष्ट विचारा.

महाराजबागेत पोरगी वाघ पाहायला गेली होती पण सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली हरणांपाशी. सासूबाई म्हणाल्या, "हे त आपल्या वावरात रोज येतात हरभरा खायले, इथं पैसे देऊन पाहा लागते." पोरगी म्हणे, "आजी, हे आपलेच आहेत का?" एवढ्यावर आमचा तो दिवस वसूल झाला. मधातल्या झाडाखाली सतरंजी टाकून दशम्या, आलूची कोरडी भाजी, मुरमुऱ्याचा चिवडा खाल्ला. खाण्याचं बोलते आहे तर सांगते, मेट्रोच्या आत खाणं मना आहे, म्हणून लेकराचं पोट आधीच भरून चढा. एका हॉटेलात बारक्यासाठी नुसतं कोमट दूध मागितलं तर जेवण घ्या तरच देतो म्हणाले, लहान लेकराला असं म्हणणं मला फार लागलं. पुढच्या चौकातल्या चहाच्या टपरीवाल्या दादानं दूध गरम करून डब्ब्यात भरून दिलं आणि पैसे घ्यायलाही लावावे लागले.

बाबागाडीचा प्रश्न पण विचारला होता कोणीतरी. नणंदेच्या घरी होती, एक दिवस नेली, मशीनवर चढव, लिफ्टमध्ये अडव, गर्दीत घडी कर, एक माणूस त्याच्यातच गुंतते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईनं त्यांचं जुनं सुती लुगडं फाडून झोळी बांधून दिली, खांद्यावरून तिरपी, बारका त्याच्यात मांजरीच्या पिल्लासारखा झोपला आणि माझे दोन्ही हात मोकळे. वावरात निंदायला जाताना आपल्या बायका शतकानुशतकं हेच करत आल्या. मेट्रोतल्या दोन पोरी मला विचारायला आल्या का हे कसं बांधलं, मी तिथंच उभ्या उभ्या सोडून दाखवलं. गाडीत गार असते आणि बाहेर ऊन, म्हणून झोळीवर पातळ ओढणी ठेवा, लेकराला सर्दी होत नाही.

तिसऱ्या दिवशी कडबी चौक. मोतीबागेतलं नॅरो गेज रेल्वे म्युझियम, हे मी सगळ्या लेकुरवाळ्यांना हक्कानं सांगते. सीताबर्डीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडची गाडी, झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम, मग कडबी चौक. गड्डीगोदामला खिडकीला लागून बसा, तिथं खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो, चार मजले. खालून रेल्वे जाताना दिसली तर लेकरांचं नशीब, आमच्या वेळेला मालगाडी गेली, बारक्यानं मांडीवरच उड्या मारल्या.

म्युझियममध्ये जुन्या छोट्या रुळाच्या गाड्या, इंजिनं, मोकळी जागा. लेकरांना पळायला जागा मिळणं हे शहरात सगळ्यात दुर्मिळ, इथं ते मिळते. पण मला सांगायचं आहे ते सासूबाईचं. त्यांचं माहेर आर्वीच्या बाजूचं. पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी त्यांच्या लहानपणी चालायची, कधीची बंद झाली. त्या एका डब्ब्यापाशी गेल्या, हात लावला आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग पोरीला सांगू लागल्या का माझ्या बापानं मला अशाच गाडीत बसवून पुलगावला नेलं होतं, गाडी एवढी हळू जायची का पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढायचे. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. सकाळी मेट्रो, दुपारी ही गाडी, एकाच दिवशी आजी आणि नात दोघींची आपापली गाडी झाली. हे तर कागदावरच्या नऊ ठिकाणांत नव्हतंच, नणंदेच्या नवऱ्यानं आदल्या रात्री सुचवलं. सोमवार टाळा एवढंच, अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं मोठं म्युझियम, ते पण सोमवारी बंद असते. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असते तेव्हा लेकरं घेऊन जाऊ नका, विधान भवन त्याच झिरो माइलच्या बाजूला आहे, बंदोबस्त आणि मोर्चे, रस्ते अडतात.

'आपली बस' म्हणजे नागपूरची सिटी बस, तिच्यात एकदाच बसलो, संध्याकाळी नणंदेच्या घराकडून. पायरी उंच वाटली सासूबाईला, पण जागा मिळाली आणि कंडक्टरनं आमचा स्टॉप आल्यावर नाव घेऊन सांगितलं. मेट्रो जिथं जात नाही तिथं बसनं जमते, मात्र लेकरं असतील तर बसचा नंबर आणि स्टॉप घरच्यांकडून लिहून घ्या, रस्त्यावर विचारत बसायला वेळ राहात नाही.

परत येताना एसटी नाही घेतली, रेल्वे घेतली, पोरीच्या उलटीमुळे. रेल्वेत पण पाचच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, संडास आहे, उठून फिरता येते. नागपूर रेल्वे स्टेशनचं मेट्रो स्टेशन संत्रा मार्केटच्या बाजूनं आहे, मेट्रोतून उतरून तिकडूनच आत गेलो, पुढच्या मोठ्या दारापर्यंत वळसा घालून जायचं काम नाही. संत्री घेतली शेजारपाजाऱ्यांसाठी. प्लॅटफॉर्म कोणता ते आधी पाहून मगच पूल चढा, आम्ही एकदा चुकीचा उतरलो तर सासूबाईला परत चढवावं लागलं.

हिंगणघाटला उतरलो तेव्हा सहा वाजायला आले होते. गावात जाणारी शेवटची गाडी साडेसहाची, हे आम्ही निघायच्या दिवशीच स्टँडवर विचारून ठेवलं होतं, आणि नागपूरहून कोणती रेल्वे पकडायची ते त्याच्यावरून ठरवलं होतं, तुम्हीही तसंच उलटं मोजा, गावच्या शेवटच्या गाडीपासून मागं. स्टँडवर पोचलो तर गाडी भरलेली, बाजाराचा दिवस, पिशव्या, कोंबड्या. आमच्याच गावचा एक पोरगा उठला, सासूबाई बसल्या, मी झोळीतल्या बारक्याला घेऊन दांडीला धरून उभी. पोरगी बाबाच्या खांद्यावर. गाडी सुरू झाली तशी तिनं कंडक्टरला तिचं मेट्रोचं तिकीट दाखवलं. वासुदेव नगरहून निघताना पहिल्या दिवशीचं ते जुनं तिकीट नणंदेनं कपाटातून काढून तिच्या हातात दिलं होतं. कंडक्टरनं ते घेतलं, उलटंसुलटं पाह्यलं, आणि "बराबर आहे, बसा" म्हणून परत दिलं.